हा कोट अंगात घातला कसा?

एका ओळखीच्या मुलाने केलेलं रेंडर, म्हणजे संगणकातल्या त्रिमितीय आकृतीवरून तयार केलेलं चित्र, मी मोठ्या पडद्यावर उघडून बघत बसले होते. लांब लोकरी कोट घातलेला एक म्हातारा, वाऱ्याकडे तोंड करून उभा. कोट पूर्णपणे हाताने घडवलेला, म्हणजे डिजिटल मातीत, ब्रशने, एकेक चुणी काढत. सिम्युलेशनचा, म्हणजे कापड कसं पडेल ते संगणकाकडून काढून घेण्याचा, आधार न घेता. चेहऱ्यावरची छिद्रं, भुवयांचे पांढरे केस, कोटाचा विटका निळा रंग, सगळं जीव ओतून केलेलं होतं. मावशी मागून आली आणि चष्मा सारखा करत वाकून बघायला लागली. तिचं उभं आयुष्य शिवणयंत्रावर गेलंय. रेंडर म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही आणि मीही काही सांगितलं नाही. बराच वेळ बघून ती म्हणाली, "कोट छानच आहे गं. पण हा अंगात घातला कसा त्याने?"

मी पुन्हा बघितलं. बटणं होती, पण काजं नव्हती. पुढचे दोन भाग एकमेकांवर यायला हवेत तिथे नुसती एक कोरलेली रेघ होती. मुंढ्याची शिवण खांद्यावरून निघाली होती आणि बगलेपाशी कुठेतरी विरून गेली होती. मावशीने खोड काढली नव्हती. कोट दिसला की तो कुठून उघडतो, कुठे जोडलाय, हे तिची नजर आपसूक शोधते आणि इथे ते सापडत नव्हतं, एवढंच. ती तिच्या कामाला निघून गेली. मी मात्र ते चित्र बंद करू शकले नाही. कारण ते बघताना मलाही काहीतरी खटकत होतं आणि मी ते रंगावर, प्रकाशावर, कशावर कशावर ढकलून बघितलं होतं. तिने एका वाक्यात बोट ठेवलं ते वेगळ्याच ठिकाणी.

स्कल्प्टिंगमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या या मूर्तिकामात, कपडे जन्माला येतात तेच मुळी उलट्या बाजूने. शरीर आधी तयार असतं. त्याच्या छातीवर, खांद्यांवर, दंडांवर मास्क (निवडीची खूण) रंगवायचा, तेवढा भाग वेगळा काढायचा, त्याला थोडी जाडी द्यायची, की शर्टाचा पाया तयार. झेडब्रश या शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, ब्लेंडरमध्येही आहे, आणि ती फार कामाची आहे. मीही रोज वापरते. पण अशा शर्टाला छातीचा फुगवटा, पाठीची पन्हळ, दंडाचा गोलावा हे सगळं आयतं मिळालेलं असतं. तो शर्ट म्हणजे त्वचेचीच दुसरी प्रत. त्यावर कितीही सुरकुत्या काढल्या तरी त्या कातड्याच्या सुरकुत्या वाटत राहतात. खरा शर्ट आधी टेबलावर सपाट पडलेला असतो. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर, कफ, सगळे सपाट तुकडे. ते शिवणीने एकत्र येतात आणि मग कुठे एका गोलाकार, हलत्या, असमान शरीराला सामोरे जातात. सपाट कापड आणि गोल शरीर यांचं पटत नाही, आणि जिथे जिथे पटत नाही तिथे तिथे चुणी पडते.

हे पटत नाही म्हणजे काय, ते चेंडूवर कागद गुंडाळून बघितलं तरी कळतं. कागद कुठेतरी दुमडतो, नाहीतर फाटतो. सपाट पृष्ठभाग न ताणता गोलावर बसवता येणार नाही, हे कार्ल फ्रीडरिख गाउसने १८२७ मध्ये गणिताने सिद्ध केलं. कापड कागदाइतकं हट्टी नसतं, पण जात तीच. ते धाग्याच्या दिशेने फारसं ताणलं जात नाही, वाकतं मात्र सहज, आणि वाकतं तेही एका वेळी एकाच दिशेने. नळकांडं होईल, शंकू होईल. घुमट व्हायला मात्र ते तयार नसतं. दोन्हीकडून एकदम वाकवलं तर एखाद्या बारीक टोकाशी सगळा ताण गोळा होतो आणि तिथून चुण्या फाकतात. विणलेल्या कापडाला एक जास्तीची मुभा असते: उभे आणि आडवे धागे एकमेकांवर सरकून चौकोनाचा तिरपा चौकोन होऊ शकतो. म्हणून उरेब, म्हणजे धाग्याला तिरपा, कापलेला झगा अंगावरून पाण्यासारखा उतरतो आणि तेच कापड सरळ कापलं तर ताठ उभं राहतं. मावशीला गाउस माहीत नाही, पण उरेब कापड हातात घेतल्याबरोबर ते कुठे झोळ देणार हे तिला कळतं. शिल्पकाराच्या बोटांना हे ज्ञान ब्रशकडून मिळत नाही. ब्रशला सगळं सारखंच. स्मूथ ब्रश तर आजूबाजूच्या बिंदूंची सरासरी काढून प्रत्येक टोकाचा घुमट करून टाकतो, म्हणजे कापड जे करायला तयार नसतं नेमकं तेच. डिजिटल कपडे रबराचे किंवा ओल्या मातीचे वाटतात त्याचं मोठं कारण हे आहे, असं माझं मत झालंय.

स्वतःच्या वाकवलेल्या कोपराकडे एकदा निवांत बघावं, अंगात जाडसर सुती शर्ट असताना. बाहेरच्या बाजूला, हाडावर, कापड ताणून बसलेलं असतं, जवळजवळ गुळगुळीत. आतल्या बाजूला जागा कमी आणि कापड जास्त, म्हणून तिथे ते एकमेकांवर रचलं जातं. या दोन जागांच्या मध्ये जे घडतं ते मला सगळ्यांत सुंदर वाटतं. हाडापासून निघालेल्या तीन-चार रेषा आतल्या खोबणीकडे तिरक्या जातात, पण एकही दुसरीइतकी लांब नसते. एक मध्येच दुभंगते. एक दुसरीच्या खाली शिरते आणि दिसेनाशी होते. प्रत्येक चुणीची एक बाजू कडक, कड्यासारखी तुटलेली आणि दुसरी बाजू हळूहळू उतरत गेलेली असते, कारण कापड एका बाजूने ढकललं जातंय आणि दुसऱ्या बाजूने ओढलं जातंय. आणि या चुण्यांच्या मध्ये त्रिकोणी, शांत, सपाट जागा असतात. चुण्या शिकताना आपण चुण्याच बघतो. या रिकाम्या त्रिकोणांकडे बघायला लागल्यावर माझं काम बदललं. नवशिक्या बाह्यांवर नेहमी दिसणारी गांडुळं, म्हणजे एकाच जाडीच्या, एकाच उंचीच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या गोल वळ्या, या सपाट जागा न सोडल्यामुळेच तयार होतात.

मग पुढचा प्रश्न: ही चुणी कोण ओढतंय?

चित्रकलेत वस्त्राचा अभ्यास फार जुना आहे. तरुण लिओनार्दो मातीच्या पुतळ्यांवर मातीत भिजवलेल्या मऊ चिंध्या पांघरायचा आणि मग तलम कापडावर अत्यंत चिकाटीने त्यांची चित्रं काढायचा, असं कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीने लिहून ठेवलंय. त्या प्रकारचे काही अभ्यास आज लूव्र संग्रहालयात आहेत. त्यात डोकं नाही, हात नाहीत; फक्त बसलेल्या गुडघ्यांवरून खाली पडलेलं वस्त्र. तरीही आत माणूस आहे याबद्दल तिळमात्र शंका येत नाही, कारण प्रत्येक चुणी गुडघ्यापासून निघते आणि जमिनीच्या ओढीने खाली जाते. ओढ कुठून आणि कुठे, हे कळलं की मधलं कापड आपोआप उभं राहतं. माझ्या कामात मी आता चुण्या काढण्याआधी ओढीच्या जागा खुणा करून ठेवते: खांद्याचं टोक, बगल, छातीवरचं बंद बटण, कमरपट्टा, गुडघा. या जागांना कापड टांगलेलं असतं. बाकी सगळं लटकतं, ताणलं जातं किंवा साचतं. सिमेट्री, म्हणजे एका बाजूचं काम दुसऱ्या बाजूला आपोआप उमटवणारी सोय, तर मी पहिल्याच टप्प्यावर बंद करते. डावी-उजवीकडची चुणी हुबेहूब सारखी असणं हे कापडाच्या बाबतीत कधी घडतच नाही, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी ते टोचतंच.

नेपल्सच्या सान्सेव्हेरो चॅपेलमध्ये जुझेप्पे सानमार्तिनोने १७५३ मध्ये पुरा केलेला संगमरवरी ख्रिस्त आहे, पारदर्शक वस्त्राखाली निजलेला. वस्त्र आणि देह एकाच दगडातून काढलेले. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून दंतकथा पसरली की हे काम करवून घेणाऱ्या राजपुत्राने किमयेच्या जोरावर खऱ्या वस्त्राचाच दगड केला. मी त्याची छायाचित्रं कितीदा मोठी करून बघितली असतील. कपाळावरची फुगलेली शीर वस्त्रातून दिसते, नाकाच्या शेंड्यापासून दोन्ही गालांवर बारीक धारदार चुण्या उतरतात, उशीपाशी त्याच चुण्या दाट होतात. दगडाला रंग नाही, वीण नाही, धागा नाही, पारदर्शकता तर नाहीच. तरी डोळा म्हणतो, हे तलम कापड आहे. हे बघितल्यावर मला फार समाधान वाटतं आणि थोडी अस्वस्थताही येते. समाधान यासाठी की नुसत्या आकाराने एवढं होऊ शकतं. अस्वस्थता यासाठी की आपल्याकडे रंग, वीण, चमक, सगळं असताना आपण आकारावरच सगळ्यांत कमी वेळ घालवतो. चुणी किती रुंद आहे, तिची कड किती धारदार आहे, ती किती लवकर मोडते, एवढ्यावरून कापडाची जात ओळखू येते. जाड लोकर मोठ्या, गोल, मोजक्या वळ्या घेते. तलम रेशीम बारीक आणि पुष्कळ. कडक नवं सुती कापड कागदासारखं कोन करतं. म्हाताऱ्याच्या त्या कोटावर लोकरीची वीण अगदी सुरेख होती, पण चुण्या पातळ शर्टाच्या होत्या. डोळ्याला एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जात होत्या.

यावर कुणीही विचारेल की मग सिम्युलेशन का वापरू नये. वापरावंच. डेव्हिड बॅरॅफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीनंतर कापडाचं गणित मोठ्या टप्प्यांनी आणि न कोसळता सोडवता यायला लागलं, आणि आज मार्व्हलस डिझायनरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सपाट तुकडे काढून, पडद्यावरच शिवून, आकृतीच्या अंगावर सोडता येतात. कापडाचा ताणाला, तिरपं सरकण्याला आणि वाकण्याला असलेला विरोध वेगवेगळा ठरवता येतो. गुरुत्वाकर्षण ते माझ्यापेक्षा चांगलं जाणतं, यात वादच नाही. पहिल्यांदा पाठीवरून शर्ट खाली उतरताना बघितला तेव्हा मी थक्क झाले होते, आणि आतून थोडं हललंही होतं, कारण मी ज्याच्यासाठी रात्री घालवल्या होत्या ते समोर काही क्षणांत होत होतं. पण बऱ्याच सिम्युलेशन बघून झाल्यावर एक गोष्ट लक्षात येते. तो शर्ट नुकताच जन्मलेला असतो. तो कधी कुणी घातलेला नसतो, धुतलेला नसतो, घडी करून कपाटात ठेवलेला नसतो. त्या हाताने कधी पिशवी उचललेली नसते. प्रत्येक वेळी कापड कोरंकरकरीत सुरुवात करतं आणि त्या एका पोझपुरतं बसतं.

खऱ्या कपड्याला आठवण असते. कोपराच्या आतल्या बाजूच्या चुण्या हात सरळ केल्यावरही पूर्ण जात नाहीत. पँटच्या गुडघ्यावर कायमचा फुगा येतो. ज्या खिशात हात जातो तो खिसा तोंडाशी सैल पडतो, आणि उजव्या-डाव्या खिशांत फरक पडतो. कॉलर मानेपाशी वाकून आपली जागा धरते. जीन्सवर मांडीपाशी पडणाऱ्या चुण्यांच्या माथ्यावरचा निळा रंग आधी झिजतो, म्हणून जीन्स सपाट पसरली तरी बसलेल्या माणसाच्या चुण्या पांढुरक्या रेषांत तिच्यावर वाचता येतात. हाताने घडवण्याचं काम माझ्या मते इथे उरतं, आणि ते लहान काम नाही. सिम्युलेशनमधून आलेला कपडा स्कल्प्टिंगमध्ये घ्यायचा आणि त्याला मागचे काही महिने द्यायचे. हा माणूस कुठला हात जास्त वापरतो? बाह्या वर सारतो का? सारत असेल तर कोपराच्या वर एक आडवी, थकलेली घडी असणार, बाही खाली असतानाही. बसून काम करतो की उभा राहून? ही उत्तरं मिळाली की ब्रश कुठे टेकवायचा ते ठरतं, आणि किती ठिकाणी टेकवायचा नाही हेही.

मावशीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग शिवणीचा होता. शिवण म्हणजे काळी रेघ आणि तिच्या बाजूने टाक्यांची माळ, असं आपण समजून चालतो. शिवणीच्या आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेली असते. म्हणजे तिथे कापडाचा एकच पदर नसून दोन, तीन, कधी चार पदर असतात. जीन्सच्या खालच्या दुमडीत तर बाजूची शिवण येते तिथे बोटाला गाठ लागते. ही जाडी शिवणीच्या कडेने उंचवटा होऊन दिसते. दोरा कापडाला किंचित आवळतो, म्हणून दोन्ही बाजूंना बारीक आखूड चुण्या उभ्या राहतात. धुतल्यावर त्या आणखी स्पष्ट होतात. कडेचंही तसंच. एकपदरी मेशची (आकृती ज्या जाळीने बनते तिची) कड रेंडरमध्ये पत्र्याची वाटते, कारण खऱ्या कापडाची कड दुमडून गोल झालेली असते आणि तिच्या माथ्यावर प्रकाशाची एक बारीक रेघ बसते. ती रेघ दिसली नाही की कपडा कितीही सुंदर असला तरी चिकटवलेला वाटतो. काज आणि बटण यांतही हेच: बटण कापडावर बसत नाही, ते कापडाला ओढतं. बंद बटणापासून दोन्हीकडे एक-दोन मंद आडव्या रेषा निघाल्याच पाहिजेत, आणि त्या किती खोल आहेत त्यावरून शर्ट घट्ट आहे की ढगळ ते समजतं.

आता रेंडरच्या वेळी हे सगळं कसं हातचं जातं, तेही सांगायला हवं. लाखो पॉलिगॉनचं, म्हणजे बारीक बहुकोनी तुकड्यांचं, शिल्प कमी तुकड्यांच्या हलक्या मेशवर नेताना बारकावा नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे पृष्ठभाग कुठे कसा कललाय हे रंगांत नोंदवणाऱ्या चित्रात, उतरतो. नॉर्मल मॅप प्रकाशाला फसवतो, पण बाह्यरेषा बदलत नाही. म्हणून मोठ्या चुण्या खऱ्या भूमितीत किंवा डिस्प्लेसमेंटमध्येच, म्हणजे पृष्ठभाग खरोखर वर-खाली सरकवणाऱ्या उंचीच्या नकाशातच, हव्यात. नाहीतर समोरून चुण्यांनी भरलेली बाही कडेला काचेच्या नळीसारखी सरळ दिसते. डिस्प्लेसमेंट मॅप आठ बिटांचा असेल तर उंचीच्या फक्त २५६ पायऱ्या मिळतात आणि लोकरीच्या मंद उतारावर त्या पायऱ्या उघड दिसतात. तो ३२ बिटांचा काढावा. आणि एक अगदी बारीक गोष्ट. ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स या ग्राफिक्सच्या दोन पद्धतींत नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनेल एकमेकांच्या उलट असतो. तो उलटा लागला की वरून येणाऱ्या प्रकाशात उंचवटे खड्डे होतात आणि खड्डे उंचवटे. चित्र पहिल्या नजरेला ठीकच वाटतं, फक्त कपडा कशानेतरी आजारी दिसतो. आठवडाभर घडवलेली बाही या एका खुणेने मातीमोल होऊ शकते.

विणीबद्दल माझं मत जरा कडक आहे. शर्टाच्या चांगल्या कापडात एका सेंटिमीटरमध्ये तीस-चाळीस धागे सहज असतात. पूर्ण उभा माणूस चित्रात असताना ते दिसणं शक्यच नाही. तरी वीण दाखवायचा मोह होतो, ती मोठी केली जाते, आणि सहा फुटांचा माणूस वीतभर उंचीची बाहुली होऊन बसतो. लांबून वीण दिसू नये, तिचा परिणाम दिसावा: प्रकाश किती पसरतो, कडेला किती उजळतो. लोकर, मखमल, फ्लॅनेल यांवर बारीक लव असते आणि तिरक्या नजरेने बघितलं की ती कडेला प्रकाश धरते. डिस्नेच्या ब्रेंट बर्लीने २०१२ मध्ये मांडलेल्या शेडरमध्ये, म्हणजे पृष्ठभागावर प्रकाश कसा दिसेल ते ठरवणाऱ्या सूत्रात, याच कारणाने शीन नावाचा वेगळा घटक कापडासाठी ठेवला गेला, आणि आज तो बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. तो शून्यावर राहिला तर लोकर प्लास्टिक होते. फार वाढवला तर कोटावर धूळ बसल्याचा भास होतो. सॅटिनचं याच्या उलट. तिथे लांब तरंगते धागे चमक एका दिशेला ओढतात, आणि ती दिशा यूव्ही, म्हणजे आकृतीचा पृष्ठभाग सपाट उलगडून केलेले नकाशे, ठरवतात. म्हणून यूव्ही कापताना शिवण जिथे असेल तिथेच कापावं, आणि प्रत्येक तुकडा धाग्याच्या दिशेने उभा ठेवावा. बाहीचा धागा बाहीच्या लांबीने जायला हवा. यूव्ही पसरणं म्हणजे कपडा उसवून पुन्हा टेबलावर सपाट मांडणं, आणि हे काम मला अलीकडे फार आवडायला लागलंय. तुकडे जर शिंप्याला ओळखू येतील असे निघाले, तर त्रिमितीतला कपडाही बहुधा बरोबर असतो. विचित्र, कुठेही फाटलेले, ओळख न लागणारे तुकडे निघाले, तर वर शिल्पातच काहीतरी खोटं बोललं गेलेलं असतं.

त्या मुलाला मी मावशीचं वाक्य जसंच्या तसं कळवलं. त्याने कोटाचे तुकडे कागदावर काढायला घेतले आहेत, आणि पाठीमागे खालची फट ठेवायची की नाही यावर आमचा वाद चालू आहे. माझ्या मते वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कोटाला ती हवीच, नाहीतर घेर पायांभोवती अडकतो. त्याला मी एकच अट घातलीय. पुढचं चित्र पाठवताना रंग नको, वीण नको, शीन नको. एक साधा राखाडी मटेरियल, आणि एकच दिवा, बाजूने, कपड्याच्या पृष्ठभागाला घासून जाणारा, कारण समोरचा प्रकाश चुण्या मारून टाकतो. तो दिवा आकृतीभोवती पूर्ण फिरवून काढलेली चित्रं पाठव, म्हटलं. ती मी मावशीपुढे ठेवणार आहे आणि कापड कुठलं, कोट किती जुना, तो कुठून उघडतो, एवढं विचारणार आहे. तिने तिन्ही सांगितलं, की मग रंगाला हात लावायचा.